गाडी काय सांगत होती

आमच्या घरी मोटार आली तेव्हा मेंढी कापली होती. मी आले तेव्हाही कापली होती. मोटारीची मेंढी जास्त मोठी होती.

तशी मोटार काही कोरी नव्हती. जपानमध्ये कुणीतरी वापरून कंटाळल्यावर ती डोंगरातल्या आमच्या नारिन शहरापर्यंत पोचली. चाक उजवीकडे, आमच्याकडे ते डावीकडे असतं, आणि चावी अशी की ती कुठल्याही भोकात घालायची नाही. नुसती खिशात बाळगायची, दाराशी गेलं की दार आपल्याला ओळखतं. माझा नवरा कुबात तिला 'हुशार चावी' म्हणतो. घरात कुणीतरी हुशार असावंच लागतं.

हुशार वस्तूला दृष्ट लवकर लागते. म्हणून माझ्या सासूबाईंनी, सायराकान आपांनी, मुल्लाकडून दुवा लिहून आणली आणि दुवा आणि चावी दोन्ही एकाच तिकोनी कातडी तावीजात घालून तिन्ही बाजूंनी शिवून टाकली. आपांची शिवण म्हणजे घोड्याचं खोगीर उसवेल, पण ती उसवायची नाही. त्या दिवसापासून बटणं कातड्यावरून चाचपून दाबायची. कुठलं उघडायचं, कुठलं लावायचं, हे ज्याच्या त्याच्या नशिबावर. शिवलेला तावीज उघडायचा नसतो, उघडला तर आत कोंडलेलं अरिष्ट घरात शिरतं. त्यामुळे चावीच्या पोटात काय असतं हे आमच्यापैकी कुणी कधी पाहिलंच नव्हतं.

शिवाय आमची गाडी बोलते. सुरू केली की एक बाई गोड आवाजात जपानीत काहीतरी म्हणते. ती पहिल्यांदा बोलली तेव्हा मुकाश आबा मागे बसले होते. मुकाश आबा म्हणजे सासऱ्यांचे थोरले भाऊ. सासरे गेल्यापासून घरातली सगळी अक्कल त्यांच्याकडे सांभाळायला दिलेली आहे. ते म्हणाले, "प्रवासाला आशीर्वाद देतेय. संस्कारी गाडी आहे." झालं! तेव्हापासून गाडी बोलली की आम्ही सगळे ओंजळ धरतो, तोंडावरून हात फिरवतो आणि 'ओमीन' म्हणतो. पानगळ सुरू झाली तशी स्टिअरिंगच्या चाकामागच्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची एक ओळही उमटायला लागली, बरोबर 'टिंग' असा आवाज. आबा म्हणाले, "बघा, आता लेखी देतेय." कुबातने त्या ओळीचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. सगळ्यांनी उत्तरात 'ओमीन' लिहिलं.

आता त्या दिवसाबद्दल. माझा धाकटा दीर आदिलेत बिश्केकला नोकरी करतो. तिथेच शिकणाऱ्या बेगिमायशी त्याचं जमलं आणि गोष्ट घरच्यांपर्यंत आली. बेगिमायचं घर अत-बाशीकडच्या एका गावात. ठरलं ते असं, की हिवाळ्याच्या सुट्टीत ती घरी आली की आम्ही जायचं आणि सासूने तिच्या कानात चांदीचे डूल घालायचे. डूल घातले की शब्द पक्का. लग्न मात्र उन्हाळ्यात, तिची शेवटची परीक्षा झाल्यावर. ही अट मुलीने घातली होती आणि मी घरात भांडून ती मान्य करून घेतली होती.

मला एवढं भांडायचं कारण सांगते. माझ्या कानात कुणी डूल घातले नव्हते. मी दूध केंद्रावरून घरी परतत होते. कुबात आणि त्याचे मित्र एका खटारा गाडीतून आले, मला आत ओढलं आणि थेट या घरी आणलं. आपांनी माझ्या डोक्यावर पांढरा रुमाल टाकला. रुमाल पडला की मुलगी त्या घरची, मग रडा नाहीतर हसा. कुबातला मी तोवर बसथांब्यावर बघितलं होतं, तेवढंच. त्या खटाऱ्याला हुशार चावी नव्हती. ती स्क्रू ड्रायव्हरने सुरू व्हायची आणि तिची मागची दारं आतून उघडायची नाहीत. नवरा वाईट निघाला नाही हे माझं नशीब, त्याचं श्रेय दुसऱ्या कुणी घेऊ नये. पण विचारलं नाही ते नाहीच. या मुलीला विचारून, डूल घालून, तिच्या वेळेला आणायची, एवढं मी धरून बसले होते.

थंडी अशी होती की थुंकी जमिनीवर पडायच्या आत तिचा खडा व्हावा. आम्ही चौघं निघालो: कुबात, आपा, मुकाश आबा आणि मी. गाडीने आशीर्वाद दिला, आम्ही ओमीन म्हणालो. मुलीकडच्यांनी फाटकाशी स्वागत केलं, गळाभेटी झाल्या, कणकेच्या तळलेल्या बोर्सोकच्या राशी आणि साय मांडलेल्या दस्तरखानाशी, जेवणाच्या चादरीशी, बसवलं. भेटवस्तूंची बॅग लगेच आत न्यायची नसते, उतावीळपणा दिसतो. आधी चहा, मग थोरल्याने शब्द टाकायचा, मग बॅग. म्हणून डूल गाडीतच होते. मांस ताटात यायच्या आत कानात डूल पडले पाहिजेत, हा त्या गावचा रिवाज, आणि मांस चुलीवर चढलेलं होतं.

चहा झाला. आबांनी शब्द टाकला. एवढे लांबलचक बोलले की मधे दोन पिढ्यांच्या घोड्यांची वंशावळही येऊन गेली. मग कुबात बॅग आणायला गेला आणि परत आला तो तोंड पाडून.

"गाडी उघडत नाही," तो माझ्या कानाशी म्हणाला.

"जरा जोरात दाब," आबा म्हणाले. त्यांना कमी ऐकू येतं, पण कुजबुज बरोबर ऐकू येते.

सगळे बाहेर गेले. कुबातने जोरात दाबलं. मग आबांनी दाबलं. मग मुलीचे वडील ओमुर यांनी पाहुण्यांचा मान राखून हळूच दाबलं. गाडी ढिम्म. आबांनी तावीज डोक्यावर धरून दाबला, मग हनुवटीला टेकवून दाबला. कुणीतरी म्हणालं की मंद पडलेली बॅटरी दातांनी चावली की जागी होते. आबांनी दुवेसकट, कातड्यासकट अख्खा तावीज चावला. त्यांच्या तोंडात दात थोडे, पण श्रद्धा भरपूर.

"गारठलीय चावी," आबांनी निदान केलं. "ऊब द्या तिला." आणि तावीज स्वतःच्या काखेत ठेवून ते आत येऊन बसले. पाहुण्यांशी बोलताना त्यांचा एक हात शरीराला चिकटलेला. थोड्या वेळाने सगळी वरात पुन्हा बाहेर. आबांनी काखेतून तावीज काढला, बिस्मिल्ला म्हणाले आणि दाबला. गाडीचे दिवे एकदा लुकलुकले!

"बघितलंत?" आबा ओरडले.

बघितलं. कातड्याखाली आबांनी दाबलं ते लावायचं बटण होतं. बंद गाडी पुन्हा एकदा व्यवस्थित बंद झाली होती. त्यानंतर चावीने जी मान टाकली ती टाकली.

"काच फोडू का? घरात कुऱ्हाड आहे," ओमुर शालीनपणे म्हणाले. कुबात गाडीला पाठ लावून असा आडवा उभा राहिला, जशी ती त्याची तान्ही मुलगी.

घरात मांसाचा वास सुटला होता. शेजारपाजारच्या बायका दारात उभं राहून गंमत बघत होत्या. आता डूल न घालता परत जायचं म्हणजे गावभर हसं. तेव्हा आबांनी पुन्हा घसा खाकरला. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळ्या कुठे चालल्यात याची काळजी नसते.

"डुलांचं काय घेऊन बसलात? नंतर घालू. सायराकान, तुझ्याकडे रुमाल आहे ना? टाक पोरीच्या डोक्यावर. गावातली एखादी गाडी भाड्याने करू आणि आजच सून घेऊन जाऊ. उन्हाळा कशाला हवाय? आजकाल परीक्षा नंतरही देता येतात."

आपांचा हात खरोखरच अंगरख्याच्या खिशाकडे गेला. ओमुर नुसती टोपी सारखी करत राहिले. त्यांना नको होतं हे चेहऱ्यावर दिसत होतं, पण घरी आलेल्या थोरल्या पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? मला आमच्या घरातली ती संध्याकाळ जशीच्या तशी आठवली. तेव्हाही सगळे असेच शहाण्यासारखे बोलत होते.

"आपा, रुमाल बाहेर काढू नका," मी म्हणाले. "मी मुलीला भेटून येते."

"मुलीला काय विचारायचं?" आबा म्हणाले.

"तेच विचारते, काय विचारायचं ते."

बेगिमाय आतल्या खोलीत बसली होती, शेजारी तिची आजी कालिपा. आजी नातीच्या आडून जर्दाळूचा मुरंबा चमच्याने खात होती आणि मी शिरताच चमचा उशीखाली गेला. मुलीने बाहेरचं सगळं ऐकलं होतं. तोंड पांढरं पडलं होतं.

मी तिच्यासमोर बसले. "नीट ऐक. इथे मी आणि तुझी आजीच आहे. तुला हे डूल हवेत का? नको असतील तर मी बाहेर जाऊन सांगते की शकुन बरा नाही, आणि आम्ही जातो. रुमाल मी कुणाला टाकू देणार नाही. खरं बोल."

तिने माझ्याकडे बघितलं, आणि आताच मला जेंगे म्हणाली, म्हणजे वहिनी. "हवेत, जेंगे. आदिलेत हवाय. पण आज नको. मला परीक्षा द्यायचीय. मी एवढी वर्षं जपानी शिकलेय, ते मधेच सोडू?"

"काय शिकलीस?"

"जपानी."

मी मोबाईल काढला आणि कुबातचा तो फोटो तिच्यापुढे धरला. "मग हे वाच. आमची गाडी आशीर्वाद देते तो."

तिने वाचलं. ओठ दाबले. मग तिला हसू आवरेना.

"जेंगे, यात लिहिलंय, चावीची बॅटरी संपत आलीय, बदला."

"बस? एवढंच?"

"एवढंच. कधीपासून दिसतंय हे?"

"पानगळीपासून."

"आणि तुम्ही काय करत होता?"

"ओमीन म्हणत होतो," मी म्हणाले.

कालिपा आजी एवढी हसली की तिला खोकला लागला आणि उशीखालचा चमचा खाली पडला.

मी बाहेर आले आणि आबांच्या हातून तावीज घेतला. "सुरी द्या कुणीतरी."

"बुरुल!" आपा किंचाळल्या. "दुवा आहे आत! अरिष्ट येईल!"

"येऊ दे. माझ्या नावावर येऊ दे. आपा, तुम्ही माझ्या डोक्यावर रुमाल टाकलात तेव्हा मी काही बोलले नाही. बोलायला कुणी ठेवलंच नव्हतं. आज या पोरीच्या बाबतीत मी बोलणार. तिला डूल हवेत, रुमाल नकोय. मी विचारलंय."

आबांनी तोंड उघडलं आणि पहिल्यांदाच त्यातून काही आलं नाही. आपा माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता सगळ्यांदेखत मारतात. त्यांनी माझ्या हातातून तावीज काढून घेतला.

"सुरी लावू नकोस," त्या म्हणाल्या. "माझी शिवण आहे. मी उसवते."

आत चुलीपाशी बसून त्यांनी दातांनी आणि सुईने एकेक टाका काढला. दुवेचा कागद चुंबून छातीशी ठेवला आणि चावी मला दिली. आतल्या खोलीतून बाहेर आलेल्या बेगिमायने ती माझ्याकडून घेऊन उलटी केली, कडेचा एक खटका सरकवला, आणि आतून चांगली दातांची लोखंडी चावी बाहेर आली!

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. आबांनी तर तो अक्षरशः काखेतच धरला होता. कुबात ती घेऊन धावत गेला. पण दाराचं ते भोक जन्मात कुणी वापरलेलं नव्हतं, आत बर्फ गच्च बसलेला. चावी आत शिरेना. मग आबांना स्फुरण आलं. "गरम चहा ओता!" म्हणाले, आणि कुणी अडवायच्या आत किटली घेऊन स्वतःच ओतला. चहा दारावर पडला आणि तिथेच गोठला. आता भोकासकट मूठही बर्फात. दुधाचा चहा होता, त्यामुळे बर्फ दिसायला छान होता.

लोखंडी चावी निघालेल्या फटीत बेगिमायने सुरीचं टोक घालून हुशार चावीचं कवच उकललं. आत एक चपटी, नाण्यासारखी बॅटरी. आमच्या लेखी आशीर्वादाचं मूळ ते.

"अशी आता कुठे मिळणार? नारिनला जावं लागेल," ओमुर म्हणाले.

बेगिमायने बॅटरीवरचा आकडा वाचला आणि आजीकडे बघितलं. "आजीच्या साखर मोजायच्या यंत्रात हीच आहे. मीच बसवते ना."

आजारी माणसाच्या यंत्राला हात लावायचा म्हणजे मला संकोच वाटला. कालिपा आजीला अजिबात नाही. तिने यंत्र स्वतः उघडून बॅटरी माझ्या तळहातावर ठेवली. "घे बाई, घे. माझं रक्त उद्याही गोडच असणार आहे, ते कुठे पळून जातंय?"

"आजी, उद्याच नवी पाठवते."

"अगं, सावकाश पाठव. उन्हाळ्यापर्यंत पाठव. तोवर मी मुरंब्यावर लक्ष ठेवते."

"उद्याच पाठवा, जेंगे," बेगिमाय दबक्या आवाजात म्हणाली. आजीने नातीकडे असं बघितलं की जणू घरातच फितूर निघालं.

बॅटरी बसवायचा मान आबांनी मागून घेतला, वयाप्रमाणे. त्यांनी ती उलटी बसवली. बेगिमायने ती हळूच काढून सुलटी बसवली, अधिकाची खूण वर, आणि कवच दाबून बंद केलं. आता बटणं उघडी होती, कुठलं कशाचं ते चित्रासकट दिसत होतं. मी दाबलं. खाट् करून चारी दारांच्या कड्या उघडल्या, दिवे लागले. चहाचा बर्फ नसलेल्या बाजूने कुबात आत शिरला आणि बॅग घेऊन आला.

"मी म्हणालोच होतो," आबा जमलेल्या बायकांना सांगत होते, "चावीत गरमी कमी पडतेय."

मांस ताटात आलं होतं, पण अजून कुणी हात लावला नव्हता, आणि रिवाज तेवढ्यावर भागला. आपांनी डूल काढले. बेगिमाय समोर बसली. आपांचे हात तिच्या कानाकडे गेले आणि मधेच थांबले. त्यांनी खाली बघत विचारलं, "घालू ना, पोरी?"

असं विचारायची पद्धत नाही. आबा चुळबुळले.

"घाला, आपा," बेगिमाय म्हणाली. "पण उन्हाळ्यात हं."

"उन्हाळ्यात," आपा म्हणाल्या आणि डूल घातले. मला रडू आलं. माझं वय रडायचं नाही आणि प्रसंगही माझा नव्हता, पण आलं. सगळ्यांना वाटलं आनंदाने रडतेय. आनंदही होताच.

ऊन उतरायला लागलं तसे आम्ही निघालो. आपा आणि आबा फाटकाशी निरोप घेत होते, आबांचं पुन्हा घोड्यांपर्यंत आलं होतं. मी आणि कुबात गाडीपाशी आलो. चावी त्याच्या हातात होती, तावीजाशिवाय उघडी, लहान दिसत होती.

"तुला आज झालंय काय?" तो म्हणाला. "आबांना गप्प केलंस, आईला चारचौघांत बोललीस."

"काही नाही झालं. चावीच उघडली."

त्याने थोडा वेळ जमिनीवरचा बर्फ बुटाने खरवडला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "बुरुल, तेव्हा मी विचारलं असतं, तर तू नाही म्हणाली असतीस का?"

इतक्या वर्षांत त्याने हे पहिल्यांदा विचारलं. टोमणा माझ्या जिभेवर तयार होता, माझ्या जिभेवर तो नेहमीच असतो. पण मला खरं उत्तर द्यावंसं वाटलं, आणि तेव्हा कळलं की ते माझ्याकडे नाही.

"कदाचित हो म्हणाले असते," मी म्हणाले. "बसथांब्यावर तू बरा दिसायचास. पण आता ते मला कधीच कळणार नाही, कुबात. तुलाही नाही."

त्याने बटण दाबलं, दार उघडलं, आणि मी बसेपर्यंत ते हाताने धरून उभा राहिला.